समासातलं

आमच्या घरात 'समास' या शब्दाचे तीन अर्थ होते. एक व्याकरणातला, तो ताईला यायचा, बाकी कुणाला यायचा नाही. दुसरा दासबोधातला, वीस दशक, दोनशे समास, आणि त्यांतला रोज एक आजीचा. तिसरा वहीच्या डाव्या अंगाचा. पान दुमडून पाडलेला, तीन बोटं रुंद, कोरा. कॉलेजच्या पहिल्या दिवशी ताईने मला बजावलं, "समास सोडून लिही," तेव्हा चुलीपुढची आजी भाकर थापता थापता थांबली. "समास कायले सोडतं रे? थोच सोडला तं मंग वाचनार काय?"

तेव्हा आम्ही खामगावात खोली करून राहत होतो. खोली करून राहणं म्हणजे काय, हे ज्यांना सांगावं लागत नाही त्यांच्याशीच या गोष्टी बोलायच्या आहेत. आमचं गाव पूर्णेपलीकडे, जळगाव जामोदच्या बाजूला. घाटाखालची काळी जमीन, पऱ्हाटी आणि ज्वारी. पुढे शिकायचं तर खामगाव गाठायचं, नाहीतर घाट चढून बुलढाणा. बाबा आणि काका यांनी मिळून खामगावच्या जुन्या वस्तीत एक धाब्याचं घर भाड्याने घेतलं आणि चार पोरं नि त्यांच्यावर एक आजी अशी रवानगी केली. ताई बी.ए.ला. दादा, म्हणजे चुलतभाऊ, बी.एस्सी.ला. मी १९८१ साली बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. धाकटी चुलतबहीण अकरावीला. दर पंधरवड्याला यष्टीच्या टपावरून ज्वारी यायची, तुरीची डाळ यायची, ठेच्याची बरणी यायची. पुस्तकं काही यायची नाहीत.

पुस्तक ही वस्तू आमच्याकडे पाहुण्यासारखी. लायब्ररीतून यायची, आठ दिवस राहायची, जायची. एका पुस्तकाला वाट पाहणारे डझनभर. तेव्हा शिकायचं ते कानानेच, आणि कानात राहत नाही ते वहीत.

वहीचं काय सांगावं! नवी वही घरात वर्षाला मोजून यायची. बाकीच्या घरी व्हायच्या. गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं उन्हाळ्यात हलक्या हाताने सोडवायची, दादाने ती गुडघ्याखाली दाबून सारखी करायची, दाभणाने भोकं पाडायची, जाड दोऱ्याने शिवायची, वर मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान. त्यामुळे माझ्या राज्यशास्त्राच्या वहीवर लक्ष्मी होती आणि ताईच्या अर्थशास्त्रावर मारुती. एका वहीत तीन रंगांच्या रेघा, दोन जाडीचे कागद. पाठकोरा कागद फेकणं हे आमच्याकडे पाप होतं. बिलाचा पाठकोरा कागद, लग्नपत्रिकेची मागची बाजू, साखरेची पुडी सुटल्यावर हाताने साफ केलेला कागद, या सगळ्याला 'रफ' म्हणायचे. रफचं फेअर व्हायचं ते घरी, कंदिलाशी किंवा चाळीसच्या बल्बशी, वीज असेल तसं.

शाई चेलपार्कची, दौतीतून ड्रॉपरने भरायची. पेन गळायचं. बोटं निळी, शर्टाचा खिसा निळा. थेंब पडला तर टीपकागद कुठला? वर्गातून उचललेला खडूचा तुकडा त्यावर लोळवायचा. तो शाई पिऊन निळा व्हायचा. आणि समासात लिहायला मात्र शिसपेन्सिल, अंगठ्याएवढी उरलेली. समासात काय लिहायचं ते खोडता आलं पाहिजे, असा ताईचा नियम.

ऐकायचं कसं, हेही ताईनेच शिकवलं. तिचं शास्त्र वर्गाबाहेर तयार झालेलं होतं. सर फळ्याकडे तोंड करून बोलतात ते पुस्तकातलं. ते सुटलं तर सुटू दे, पुस्तकात सापडेल. सर आपल्याकडे तोंड करून बोलतात ते त्यांचं. ते सुटलं की गेलं. सरांनी खडू टेबलावर ठेवला की आपण पेन उचलायचं. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला की आता उदाहरण येणार. एखादी गोष्ट दोनदा सांगितली की ती पेपरात. 'हे काही अभ्यासक्रमात नाही, पण...' म्हणाले की मान वर करायची आणि आधी नुसतं ऐकायचं. लिहायचं नंतर, आणि लिहायचं समासात. शब्दन् शब्द उतरवणाऱ्यांना ताई 'कारकून' म्हणायची. त्यांची वही भरायची, ते रिकामे उठायचे.

बसायची जागाही ठरलेली. पहिल्या बाकावर बसलं की सरांचे डोळे दिसतात, मागे बसलं की मित्रांचे आवाज. तिसरा बाक, खिडकीकडचा. खिडकीतून कापसाच्या हंगामात बारीक रुई उडत यायची, जिनिंगची घरघर यायची, आणि शेवटच्या तासाला वर्गाची चुळबुळ सुरू व्हायची, कारण जलंबच्या गाडीची वेळ.

ती खामगाव-जलंब गाडी म्हणजे आमच्या वर्गाची दुसरी घंटा. तेरा-चौदा किलोमीटरचा तो फाटा इंग्रजांनी १८७० मध्ये टाकला तो कापसासाठी. आमच्या काळात त्यावरून शेगाव-नांदुऱ्याची पोरंही ये-जा करायची. गाडी धरायची म्हणून ती शेवटची दहा मिनिटं सोडून उठायची. आणि मास्तरमंडळींची रीत अशी की तासभराचा पीळ ते शेवटच्या दहा मिनिटांतच सोडवणार. मग दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवहार चालायचा. शेवटच्या दहा मिनिटांचा भाव, एक शेगाव कचोरी. दुपारच्या तासाला ती कागदात थंड होऊन यायची, पण भाव कधी उतरला नाही. मी त्या दोन वर्षांत जितका अभ्यास केला त्यातला निम्मा त्या कचोरीसाठी, हे आता कबूल करायला हरकत नाही.

लिहायची घाई, म्हणून ज्याने त्याने आपापले तुकडे पाडलेले. 'म्ह.' म्हणजे म्हणून, म्हणजे, किंवा म्हणाले. 'प.' म्हणजे परंतु, परिणाम, किंवा पहिला. 'शि.' म्हणजे शिवाजी, शिक्षण किंवा शिधा. आपल्या वहीतलं आपल्याला कळायचं. दुसऱ्याच्या हाती वही गेली की फजिती. ताईच्या वहीत 'म. गां.' आणि 'म. फु.' एकाखाली एक होते. ते उतरवून घेणाऱ्या एका मैत्रिणीने चाचणीत महात्मा फुल्यांकडून दांडीयात्रा काढवली. सरांनी वर्गात पेपर परत देताना म्हटलं, "काढली असती त्यांनी. १८९० ला गेले म्हणून राहून गेलं."

आणि संध्याकाळी, हातपाय धुऊन, पाटावर बसल्यावर, ताटात काही पडायच्या आधी, आजीचा प्रश्न पडायचा.

"आज काय आयकलं?"

काय शिकलात नाही, काय शिकोलं नाही. काय आयकलं. आजीला अक्षरओळख होती ती पोथीपुरती. पण ऐकण्यात ती मुरलेली होती. एकादशीचं कीर्तन, गजानन विजयचे एकवीस अध्याय, दासबोध. देवळात ऐकायचं आणि घरी येऊन जी बाई आली नाही तिला सांगायचं, हे तिचं आयुष्यभराचं शिक्षण. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं, कीर्तन दुसरं, हा क्रम तिच्या लेखी स्वयंपाकाइतका सरळ होता: आधी भरा, मग वाढा. ती ऐकायची ती हुंकारा देत. आपण सांगत जायचं, ती "हूं" म्हणत जाणार. हुंकारा थांबला की समजायचं, आपण काहीतरी न समजता बोललो. मग ती तवा उतरवून म्हणायची, "थांब. हे तुले समजलं का?"

"समजलं ना."

"मंग मले काहून नाही समजलं?"

या प्रश्नावर भल्याभल्यांची डिग्री अडली असती. ऱ्हासमान उपयोगिता हा अर्थशास्त्रातला नियम ताईने तिला तीनदा सांगितला, हुंकारा येईना. शेवटी ताई म्हणाली, पहिली कचोरी कशी लागते? दुसरी? चौथी? "चौथी दादाले दे," आजी म्हणाली, आणि नियम सिद्ध झाला. ताईने त्या पानाच्या समासात लिहिलं, 'कचोरी'.

दादाच्या एका सरांनी रसायनाच्या तासाला मध्येच लोणार काढलं. आपल्या जिल्ह्यातलं ते जवळपास पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं विवर जुन्या पुस्तकांत ज्वालामुखीचं म्हणून लिहिलेलं असायचं. सर म्हणाले, ते वाक्य खोडा. १९७३ मध्ये तिथल्या खडकाचा अभ्यास छापून आलाय. प्रचंड दाबाने बनणारी काच त्यात सापडली. ती ज्वालामुखीने होत नाही, आकाशातून अशनी आदळल्याने होते. संध्याकाळी दादाने हे आजीला सांगितलं. लोणार आजीचं जाऊन आलेलं ठिकाण. तिथे विष्णूने लवणासुराला मारलं, दैत्यसूदनाचं देऊळ आहे, हे तिला दादाच्या सरांच्या आधीपासून माहीत. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वरूनच आलं नं? मंग झालं तं. विष्णू का खालून येनार हाय?" दादाच्या समासात लिहिलं गेलं, 'विष्णू वरून'.

ताईच्या मराठीच्या सरांचा तर समासच मोठा. पानावरचं बाजूला ठेवून ते समासातच शिकवायचे. एकदा ते म्हणाले, 'शीळ' लिहिणारे ना. घ. देशपांडे कुठे राहतात ठाऊक आहे? मेहकरला. वकिली करतात. वर्गाला धक्का बसला, कारण कवी हे वारलेले असतात आणि पुण्याचे असतात अशी आमची समजूत. आजीने विचारलं, "म्हंजे रानातल्या शिळीचं ते गानं? ते तं मोठ्या वाड्यावर तबकडीवर वाजे." जी. एन. जोशींची तबकडी तिने उंबऱ्याबाहेर उभी राहून ऐकली होती. एकदा सरांनी चष्मा काढला आणि सांगितलं की बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे नावाच्या बाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' नावाचं पुस्तक लिहिलं, पुढे ते विस्मरणात गेलं, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापून काढलं. अभ्यासक्रमात नाही, पण लिहून ठेवा. आजीचा हुंकारा त्या दिवशी सगळ्यात मोठा होता. "कोन्या शाळेत गेलती थे?" शाळेत नाही, वडिलांनी घरी शिकवलं. "आन् लिवलं काय तिनं?" ताईने सांगितलं: नवरे बायकांना जी नावं ठेवतात ती सगळी पुरुषांनाच कशी लागू पडतात ते. आजीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "हे बुक मिळंन का कुठी?" मिळालं नाही. समासात 'ताराबाई' राहिलं.

त्याच सरांनी लीळाचरित्र शिकवलं. ताईने ते आम्हाला असं सांगितलं की म्हाइंभट आमच्या गल्लीतलाच वाटावा. तेराव्या शतकातली गोष्ट. चक्रधरस्वामी गेले; ते काय बोलले, कुठे थांबले, कुणाला काय म्हणाले हे ज्यांनी ऐकलं ते गावोगाव पांगलेले. स्वामींचे लोणार-मेहकरचे मुक्कामही त्यात आहेत. म्हाइंभट एकेकाकडे गेला, ऐकून घेतलं, दोघांचं सांगणं जुळलं नाही तर दोन्ही ठेवलं, आणि शके १२०० च्या आसपास रिद्धपुरात ग्रंथ झाला. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथीच गेली. तेव्हा ज्यांना ती तोंडपाठ होती त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा उभी केली, असं परंपरा सांगते. त्यांत हिराइसा नावाची बाई आघाडीवर. "नोट्स हरवल्या तर घाबरू नका," सर वर्गाला म्हणाले होते, "हिराइसा शोधा." वर्ग हसला. ताईही हसली.

मार्च १९८३. ताईची शेवटच्या वर्षाची परीक्षा पंधरा दिवसांवर. रात्री अवकाळी आला, गारांसकट. धाब्याच्या घराला पावसाळ्याआधी वरून खारी माती टाकतात. मार्चमध्ये कोण टाकतं? धाबं गळलं ते नेमकं देवळीच्या वर, आणि देवळीत ताईच्या तीन वर्षांच्या वह्या. सकाळी पाहिलं तर मारुती भिंतीला चिकटलेला आणि खाली निळं पाणी. पानं एकेक सुटी करून आम्ही गोधड्यांच्या दोरीवर वाळत घातली. वाळली तेव्हा त्यांवर आभाळासारखे डाग होते, अक्षर नव्हतं. चेलपार्क धुऊन गेली होती.

पण समास शाबूत होता. शिसपेन्सिल पाण्याने जात नाही. निळ्या डागांच्या डाव्या काठाने, खाली-खाली, बारीक करडे शब्द. 'कचोरी'. 'ताराबाई'. 'शीळ – मेहकर'. 'म्हाइंभट दोन्ही ठेवतो'. 'सरांनी दोनदा सांगितलं'. 'हे का?'

ताई रडली नाही. पान हातात धरून बसली होती. आजीने विचारलं, "काय लिवलं हाय थे वाच."

"कचोरी."

"थो दिवस मले आठोते. दादाचं पोट बिघडलं होतं. तू म्हनत होती की पहिल्या घासाले जास्ती मोल, मंग उतरत जाते. मंग तू पान्याचं सांगतलं, हिऱ्याचं सांगतलं. पानी जीव वाचोते तरी स्वस्त आन् हिरा कामाचा नाही तरी महाग, थे काहून म्हून."

ताईने पेन उघडलं. या खेपेला बॉलपेन.

सहा रात्री हे चाललं. ताई समासातला शब्द वाचायची, आजी त्या संध्याकाळी काय सांगितलं होतं ते सांगायची, मी आणि दादा मध्ये जोडत जायचो, धाकटी सुई-दोरा घेऊन पानं शिवत जायची. आजीच्या सांगण्यात ऱ्हासमान हा शब्द नव्हता, पण सगळा ऱ्हास होता. आजीचं आणि माझं जुळलं नाही तर ताई दोन्ही लिहून ठेवायची. तीन वर्षांच्या वह्यांची एकच वही झाली, पहिल्या वह्यांच्या तिसऱ्या हिश्श्याची, आणि ताई म्हणते की तिला त्यात काही कमी सापडलं नाही. कारकुनी तेवढी वाहून गेली होती.

ताई दुसऱ्या वर्गात पास झाली. तिची डिग्री नागपूर विद्यापीठाची, कारण १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ वेगळं झालं ते तिच्या परीक्षेनंतर. माझी अमरावतीची. एका चुलीवरची भाकर खाऊन दोघांची दोन विद्यापीठं, याचं आजीला कौतुक होतं. पुढे ती वही माझ्याकडे आली, माझ्याकडून धाकटीकडे, तिच्याकडून गल्लीतल्या दोघा-तिघांकडे. मग गावात झेरॉक्स आलं आणि वही मागायला यायचं कुणाला कारण उरलं नाही. फार वर्षांनी वाचनात आलं की अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक नावाच्या प्राध्यापकांची टिपणांची पद्धत जगभर शिकवतात: पानाच्या डाव्या बाजूला रुंद समास सोडा, तासानंतर त्यात खुणेचे शब्द आणि प्रश्न लिहा, मग उजवी बाजू झाकून त्या शब्दांवरून सगळं आपल्या तोंडाने सांगून पाहा. ताईला फोन करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "झाकायचं कशाला? धाबं गळू द्यावं."

आता ताईची नात पुण्यात शिकते. तास फोनवर रेकॉर्ड होतो, फळ्याचा फोटो निघतो, पाण्याने काही जात नाही. हुशार आहे पोर. सुट्टीत आली की आम्ही म्हातारी तिला जेवताना विचारतो, आज काय आयकलं? ती सांगते, आम्ही हुंकारा देतो. कधी कधी ती मध्येच थांबते आणि म्हणते, एक मिनिट, हे मलाच नीट कळलेलं नाही. मग तिला आम्ही आणखी एक पोळी वाढतो.

ती शिवलेली वही ताईकडे आहे. जुनी डागाळलेली पानंही तिने टाकली नाहीत. पाठकोरा कागद टाकायचा नसतो. मागच्या दिवाळीत आम्ही ती पुन्हा काढून बसलो. समासातला शब्दन् शब्द लागला. एक तेवढा लागला नाही. कुठल्याशा पानाच्या काठाला स्वच्छ अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलंय: 'सरांचा बैल'. ताई म्हणते अर्थशास्त्र, दादा म्हणतो भूगोल असेल, धाकटीला वाटतं तो विनोद होता. सरांकडे बैल होता का, तेही कुणाला आठवत नाही. दोन रेघा आहेत म्हणजे सरांनी दोनदा सांगितलं असणार.

आजी असती तर एवढा एक शब्द वाचून दाखवला असता.